बंदीची मागणी हीही जाहिरातच

मा. संपादक,
स. न. वि. वि.

डिझायनर जीन्सच्या ‘उत्तान’ जाहिरातींवर बंदी घाला, अशी मागणी करणारी दोन पत्रे आपण रविवारी छापलीत. मी पंचवीस वर्षे लोकांचे कपडे दुरुस्त करून देते आणि त्यात निम्म्या जीन्सच असतात. म्हणून हे लिहिण्याचे धाडस.

पत्रलेखकांचा संताप खरा आहे, पण तो जाहिरातवाल्यांनी आधीच हिशेबात धरलेला असतो. १९८० मध्ये केल्विन क्लाइन या अमेरिकी कंपनीने ब्रूक शील्ड्स या नटीच्या तोंडून, माझ्या आणि माझ्या जीन्सच्या मध्ये काहीच येत नाही, असे वदवून घेतले. अमेरिकेतल्या काही टीव्ही केंद्रांनी ती जाहिरात दाखवायला नकार दिला आणि त्या नकाराचीच बातमी झाली. आज ४० वर्षांनंतरही मी तिच्याबद्दल लिहिते आहे, यातच काय ते आले. खरी खटकणारी गोष्ट मात्र वेगळी होती. ती मुलगी १५ वर्षांची होती. त्या वाक्यातला दुसरा अर्थ तेव्हा आपल्याला कळलाच नव्हता, असे तिने पुढे सांगितले आहे. १९९५ मध्ये याच कंपनीने कोवळ्या दिसणाऱ्या मुलामुलींना तळघरासारख्या खोलीत उभे करून जाहिराती काढल्या. ओरड झाली, जाहिराती मागे घेतल्या गेल्या, सरकारी चौकशीही झाली, गुन्हा काही दाखल झाला नाही. अंग किती दिसते याची फूटपट्टी घेऊन बसण्यापेक्षा मुलीचे वय विचारा, असे माझे म्हणणे आहे. मोठी बाई स्वतःच्या मर्जीने काय घालते, काय काढते, त्यात मी पडत नाही.

आता पँटकडे वळते. जाहिरातीत तिच्याबद्दल अवाक्षर नसते. डेनिमचा, म्हणजे जीन्सच्या कापडाचा, उभा धागा निळीत रंगवलेला, आडवा पांढरा, म्हणून उलटी केली की जीन्स फिकी दिसते. नीळ धाग्याच्या गाभ्यापर्यंत जात नाही, वरवरच बसते, त्यामुळे गुडघ्यावर, मांडीवर रंग उडतो. जाड डेनिमच्या चार पदरांच्या शिवणीवर माझी १८ नंबरची जाड सुईसुद्धा मोडते. महागड्या जीन्सवर ती क्वचितच मोडते, कारण कापड पातळ आणि ताणले जाणारे. चार महिन्यांत गुडघ्याला फुगवटा येतो. गिऱ्हाइकाला त्याचे काही नसते. उंची कमी करताना बजावतात, ‘ताई, खालची मूळ पट्टी कापून परत तीच जोडा हं, ओरिजिनल दिसली पाहिजे.’

आणि हा विकत घेतलेला जुनाटपणा! तो आणण्यासाठी कापडावर दाबाने वाळू मारत. ती धूळ छातीत जाऊन तुर्कस्तानात कित्येक तरुण कामगारांना सिलिकोसिस हा फुप्फुसांचा आजार झाला. त्यावर इलाज नाही. २००९ मध्ये तिथे या पद्धतीवर बंदी आली. त्या कामगारांबद्दल आपल्या पत्रव्यवहारात काही छापून आल्याचे मला आठवत नाही. आले असेल तर माफ करा.

जाता जाता एक कबुली. रविवारच्या दुसऱ्या पत्रात त्या जाहिरातीचे वर्णन इतके बारकाईने केले होते, की मी ती मुद्दाम शोधून पाहिली. दोनदा पाहिली. पँटची शिवण काही दिसली नाही.

आपली,
एक शिवणकामवाली वाचक