धायरीची खोली

पुणे

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

फोनवर विचारलं असतं तर तू लगेच 'हो' म्हणाला असतास आणि मग घरी वहिनींना समजावत बसला असतास. म्हणून सविस्तर लिहितोय. पत्र त्यांनाही वाचायला दे.

तुझी धायरीची खालची खोली भाडेकरू गेल्यापासून बंदच आहे. ती मला एका मुलासाठी हवी आहे. वय १९. मोबाइल चोरीच्या केसमध्ये दोषी ठरलाय. जामीन मंजूर झाला होता, पण जामीनदार कोणी उभा राहिला नाही, म्हणून कच्चा कैदी म्हणून आतच राहिला. आई लहानपणीच गेली. वडिलांना फोन केला, तर 'त्याचा आमचा संबंध संपला' म्हणाले आणि फोन ठेवला.

कायदा तसा या पोराच्या बाजूने आहे. १९५८ च्या प्रोबेशन कायद्यातलं (म्हणजे तुरुंगाऐवजी देखरेखीखाली सोडण्याच्या कायद्यातलं) कलम ६ सांगतं की जन्मठेपेइतका गंभीर गुन्हा नसेल तर २१ वर्षांच्या आतल्या मुलाला सहसा तुरुंगात धाडायचं नाही. धाडायचंच असेल तर कोर्टाने कारणं लिहून ठेवायची. पण चांगल्या वागणुकीचं बंधपत्र, म्हणजे लेखी हमी, घेऊन सोडायचं ते कलम ४ खाली, आणि त्यात एक अट आहे. त्याला स्वतःला किंवा त्याच्या जामीनदाराला राहायचं पक्कं ठिकाण किंवा नियमित कामधंदा आहे, अशी कोर्टाची खात्री पटली पाहिजे. म्हणजे ज्याला घरच नाही, त्याच्यासाठी सवलतीचं दार तिथेच अडतं.

जामीनदार मी राहतोय, त्यामुळे कागदावरची अट भागेल. पण रात्री तो झोपणार कुठे? आमच्या दोन खोल्यांत आई अंथरुणाला खिळलेली आणि दोन्ही मुलींची परीक्षा. याआधी असाच सुटलेला एक जण स्वारगेट स्टँडवर झोपायचा. पिशवीत कपड्यांचा एक जोड आणि कोर्टाच्या कागदांची प्लॅस्टिकची फाइल; ती फाइल उशाला घ्यायचा, चोरीला जाऊ नये म्हणून. कामाला गेला की मालक आधी पत्ता विचारायचा, आणि खोली बघायला गेला की एजंट आधी कामाचं विचारायचा. शेवटी कुठे निघून गेला, कळलं नाही. ती फाइल अजून माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.

अशा सुटलेल्यांवर देखरेख ठेवणाऱ्या प्रोबेशन ऑफिसरने मुलाला काम मिळवून द्यायची खटपट करावी, असं कायद्यात स्पष्ट लिहिलंय. घराबद्दल तसं काही नाही. बंधपत्राच्या अटी मोडल्या तर मूळ गुन्ह्याची शिक्षा पुन्हा डोक्यावर येते, आणि स्टँडवर झोपणारा पोरगा ऑफिसरला सापडणार कसा?

आपल्या आटपाडीजवळचं स्वतंत्रपूर आठवतं ना? औंध संस्थानात १९३९ साली कैद्यांची ती खुली वसाहत उभी राहिली. पोलंडहून आलेले इंजिनिअर मॉरिस फ्रीडमन यांची कल्पना, आणि राजेसाहेबांनी ती उचलून धरली. कैदी तिथे बायकामुलांसह राहणार, शेती करणार. खुनाच्या गुन्ह्यातल्या माणसांवर एका छोट्या संस्थानाने एवढा विश्वास टाकला. आणि आज एवढ्या मोठ्या पुण्यात मोबाइल चोरलेल्या पोराला दहा बाय दहाची खोली मिळू नये, याचा मला फार त्रास होतो रे.

आता व्यवहाराचं. भाडं आधीच्या भाडेकरूएवढंच. डिपॉझिट आणि पहिले काही महिने मी भरतो, पुढे तो कमावेल तसं बघू. कात्रजच्या एका गॅरेजवाल्याने हाताखाली घ्यायची तयारी दाखवलीय, पण राहायची सोय झाल्यावरच. भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात द्यावीच लागते, तिथे सगळं खरंच सांगू. शेजाऱ्यांना किती सांगायचं ते तू ठरव; माझ्या मते विचारल्याशिवाय सांगायची गरज नाही. काही नुकसान झालं तर ते माझ्याकडे. ऑफिसर मधूनमधून घरी येतील, त्याने दचकू नकोस.

त्यांचा अहवाल पुढच्या तारखेला कोर्टात जाणार आहे, त्यात खोलीचा पत्ता घालता आला तर बरं. वहिनींना मुलाला आधी भेटायचं असेल तर तसं कळव, तुरुंगात भेटीची सोय होते का विचारतो. आणि नाही म्हणायचं असेल तरी मोकळेपणाने म्हण, फक्त लवकर, म्हणजे मला दुसरीकडे शोधता येईल.

काकूंना नमस्कार, छोटीला आशीर्वाद.

तुझा,
विनायक