राष्ट्रगीत आणि प्रार्थनेच्या मध्ये एक ‘विश्राम’ हवा

मा. शालेय शिक्षणमंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,

स. न. वि. वि.

मंत्रिपदाची शपथ घेताना राज्यघटनेच्या तिसऱ्या अनुसूचीने आपल्यापुढे दोन पर्याय ठेवले होते. ईश्वरसाक्ष शपथ घ्या किंवा गांभीर्यपूर्वक दृढकथन करा. आपण कोणता निवडला यावरून कुणी आपली देशनिष्ठा जोखली नाही. हीच मोकळीक आपल्या खात्याच्या शाळांत रोज सकाळी परिपाठाला उभ्या राहणाऱ्या मुलांना मिळावी, एवढ्यासाठी हे पत्र.

परिपाठाचा क्रम शाळेगणिक थोडा बदलतो, पण साधारण असा असतो: राष्ट्रगीत, राज्यगीत, प्रतिज्ञा, संविधानाची उद्देशिका, प्रार्थना, सुविचार, दिनविशेष, बातम्या, शेवटी पसायदान आणि मौन. पहिला तास गाठायचा म्हणून हे सगळे एका दमात उरकले जाते. ‘एक साथ सावधान, एक साथ राष्ट्रगीत शुरू कर’ असा आदेश होतो, ५२ सेकंदांत राष्ट्रगीत संपते आणि लगेच ‘हात जोड, डोळे मिट’ येते. घोळ होतो तो इथे. ज्याच्या घरात देवतेपुढे हात जोडत नाहीत, ते मूल प्रार्थनेच्या वेळी हात खाली ठेवते आणि रांगेच्या टोकाला उभ्या असलेल्या शिक्षकांना वाटते, याने राष्ट्रगीताचा अपमान केला. मग सगळ्यांसमोर पुढे बोलावणे, पालकांकडून माफीनामा, मोबाइलवर चित्रीकरण आणि संध्याकाळपर्यंत गावभर चर्चा. मुलाने नाकारली होती उपासना. ठपका बसतो देशद्रोहाचा.

म्हणून पहिली मागणी अगदी साधी आहे. राष्ट्राशी संबंधित भाग आणि उपासनेचा भाग यांच्यामध्ये स्पष्ट ‘विश्राम’ असावा. राष्ट्रगीत, राज्यगीत, प्रतिज्ञा, उद्देशिका सलग व्हावी, हात बाजूला सरळ ठेवून. मग विश्राम. त्यानंतर परिपाठ घेणाऱ्या विद्यार्थ्याने एवढेच म्हणावे: ‘आता प्रार्थना. ज्यांना म्हणायची आहे त्यांनी म्हणावी, इतरांनी शांत उभे राहावे.’ दहा सेकंद लागतात. पण शिक्षकाच्या मनातली सरमिसळ याच दहा सेकंदांत सुटते.

राष्ट्रगीताबाबत कायदा काय म्हणतो, हे बहुतेक मुख्याध्यापकांपर्यंत नीट पोचलेले नाही. राष्ट्रीय सन्मानाचा अवमान प्रतिबंधक अधिनियम, १९७१ च्या कलम ३ नुसार राष्ट्रगीत म्हणण्यास हेतुपुरस्सर रोखणे किंवा ते म्हणणाऱ्या समुदायात व्यत्यय आणणे हा गुन्हा आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. न म्हणणे हा गुन्हा त्यात नाही. केरळातल्या तीन भावंडांना १९८५ मध्ये शाळेतून काढले होते. ती यहोवाचे साक्षीदार या ख्रिस्ती पंथाची. राष्ट्रगीताला ती रोज आदराने उभी राहत, पण म्हणत नसत, कारण त्यांच्या श्रद्धेत देवाखेरीज कुणाचीही स्तुती बसत नव्हती. उच्च न्यायालयात ती हरली. सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट १९८६ रोजी ‘बिजो इमॅन्युएल विरुद्ध केरळ राज्य’ या निकालात त्यांना शाळेत परत घेण्याचा आदेश दिला. अनुच्छेद १९ (अभिव्यक्तिस्वातंत्र्य) आणि २५ (धर्मस्वातंत्र्य) यांच्या आधारे न्यायालयाने सांगितले की आदराने उभे राहणे हाच पुरेसा सन्मान आहे.

हे सगळे आपल्या खात्याने शाळांना परिपत्रक काढून कळवावे, आणि या निकालाची मर्यादाही त्या परिपत्रकात तितक्याच ठळकपणे यावी. राष्ट्रगीत चालू असताना बसून राहणे, बोलणे, हसणे, दुसऱ्याला खुणावणे यांना तो संरक्षण देत नाही. उभे राहायचे, सरळ राहायचे, शांत राहायचे. एवढे प्रत्येक मुलाकडून मागण्याचा शाळेला पूर्ण अधिकार आहे आणि तो तिने बजावलाच पाहिजे. ‘वंदे मातरम्’लाही हाच न्याय लावावा. संविधान सभेच्या अध्यक्षांनी २४ जानेवारी १९५० रोजी त्याला ‘जन गण मन’इतकाच मान जाहीर केला, त्याआधी १९३७ मध्ये काँग्रेस कार्यकारिणीने पहिली दोनच कडवी सभांसाठी घेतली, कारण पुढे देवीचे आवाहन येते आणि ते सगळ्यांच्या श्रद्धेत बसत नाही, याची जाणीव त्या पिढीला होती. मान सगळ्यांनी द्यावा, शब्द ज्याच्या त्याच्या श्रद्धेवर सोडावेत.

प्रार्थनेचा प्रश्न वेगळा. तिथे अनुच्छेद २८ लागतो. पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळांत, म्हणजे जिल्हा परिषद आणि महापालिकेच्या शाळांत, धार्मिक शिक्षणच देता येत नाही. अनुदानित किंवा मान्यताप्राप्त शाळेत उपासनेला हजर राहण्यासाठी व्यक्तीची संमती लागते, मूल अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालचे, असेल तर पालकांची. आमच्या मते सगळ्यात दुर्लक्षित मुद्दा हाच. घटनेने पालकांना ‘आक्षेप असेल तर कळवा’ असे म्हटलेले नाही. संमती आधी घ्या, असे म्हटले आहे. शाळेत याच्या नेमके उलटे होते. लेकराला त्रास होईल या भीतीने आई-बाप लेखी नकार देतच नाहीत आणि शाळा त्या गप्प राहण्याला होकार समजते.

विदर्भात शाळा जूनच्या अखेरीस उघडतात. त्याआधी प्रवेश अर्जात एक ओळ घाला: परिपाठातील प्रार्थनेत पाल्याच्या सहभागास संमती आहे किंवा नाही. कारण विचारू नका. कारणाचा रकाना आला की तो अर्ज जातिधर्माची नोंदवही होऊन बसतो, आणि ती यादी वर्गशिक्षकाच्या टेबलावर पडून राहणे धोक्याचे आहे. शिक्षकांनाही हेच संरक्षण हवे. प्रार्थनेला हात न जोडल्याबद्दल नाशिकच्या एका शिक्षकाचा वेतनलाभ अडवला गेला होता. मुंबई उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये अशी सक्ती मूलभूत हक्काविरुद्ध ठरवली.

नागपुरात हा प्रश्न पुस्तकी नाही. १४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षाभूमीवर बाबासाहेबांनी लाखोंसह बौद्ध धम्म स्वीकारला आणि बावीस प्रतिज्ञा दिल्या. ब्रह्मा, विष्णू, महेश यांना देव मानणार नाही, ही त्यांतली पहिली. ती पाळणाऱ्या घरातल्या मुलीने सरस्वतीवंदनेला हात जोडले नाहीत, तर ती उद्धट नाही, ती घरात दिलेला शब्द पाळते आहे. आणि ज्यांनी संविधानाचा मसुदा घडवला त्यांच्याच प्रतिज्ञा पाळणाऱ्या मुलीची देशभक्ती तपासायला निघणे, हे या शहराला शोभत नाही.

श्रद्धा बाजूला ठेवा, असे आम्ही म्हणत नाही. या भागातल्या असंख्य लोकांना देशप्रेम देवळातून, विहारातून, दर्ग्यातून, भजनातूनच मिळाले. तुकडोजी महाराज १९४२ मध्ये नागपूर आणि रायपूरच्या तुरुंगात होते; त्यांची खंजिरी आणि त्यांचे स्वातंत्र्याचे काम वेगळे काढता येत नाही. त्यांच्या पुण्यतिथीला गुरुकुंज मोझरीत प्रचंड समुदाय मौन श्रद्धांजली वाहतो. गप्प उभे राहणे म्हणजे अनादर नव्हे, हे वैदर्भीय माणसाला समजावून सांगावे लागू नये. प्रार्थनेऐवजी एक मिनिट मौन ठेवायचे की नाही, हे शाळांनी ठरवावे. तो पर्याय परिपत्रकात असावा.

आता ध्वजस्तंभाबद्दल थोडे. १९२३ च्या झेंडा सत्याग्रहात सिव्हिल लाइन्सकडे झेंडा नेण्यावरची बंदी मोडण्यासाठी देशभरातून स्वयंसेवक नागपुरात येऊन तुरुंगात गेले. तेव्हाच्या चरख्याच्या झेंड्याचे रंग धर्मांप्रमाणे वाटलेले होते: लाल हिंदूंचा, हिरवा मुसलमानांचा, पांढरा इतरांचा. १९३१ मध्ये रंग बदलले आणि त्यांना धार्मिक अर्थ नाही, असा ठरावच काँग्रेसने केला. आपला झेंडा असा जाणूनबुजून सगळ्यांचा केला गेला आहे. तरी १५ ऑगस्टला काही ठिकाणी ध्वजस्तंभाला हार घालतात, टोकाला कळस बसवतात किंवा शेजारी तेवढ्याच उंचीवर पंथाचा झेंडा लावतात. भारतीय ध्वजसंहिता, २००२ मध्ये हे तिन्ही बसत नाही. स्तंभावर किंवा त्याच्या वर फुले, हार, चिन्ह काहीही ठेवायचे नाही. एका काठीवर दुसरा ध्वज नाही. शेजारी किंवा वर दुसरा झेंडा नाही. ध्वजावर अक्षरे नाहीत. फडकवण्याआधी आत फुलांच्या पाकळ्या ठेवायला मात्र मुभा आहे. प्रार्थनास्थळाने स्वतःचा झेंडा वेगळ्या जागी, खालच्या उंचीवर ठेवला की दोघांचाही मान राहतो.

शेवटचा मुद्दा तक्रारीचा. मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या २००९ च्या कायद्याचे कलम १६ आठवीपर्यंत मुलाला शाळेतून काढू देत नाही आणि कलम १७ शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळही मना करते. तरी ‘दाखला घेऊन जा’ असे तोंडी सांगितले जाते, आणि तोंडी असल्यामुळे त्यावर दाद मागता येत नाही. म्हणून परिपाठावरून उद्भवलेली कोणतीही कारवाई मुख्याध्यापकांनी लेखी कारणांसह गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे, शहरात शिक्षणाधिकाऱ्यांकडे पाठवल्याशिवाय करू नये, मुलाला रांगेसमोर उभे करू नये आणि त्याचे चित्रीकरण करू नये, असा आदेश हवा. परिपत्रकाचा दोन पानी मसुदा सोबत जोडला आहे. त्यात परिपाठाचा क्रम, प्रवेश अर्जातली ओळ आणि ध्वजाचे नियम भिंतीवर लावता येतील अशा भाषेत दिले आहेत.

आपले,
नागपुरातील काही शिक्षक व वकील