आई-बाबा, नोकरीचं जरा सविस्तर लिहितोय

प्रिय आई आणि बाबा,

फोनवर हा विषय काढला की बाबा "बरं बरं" म्हणून फोन आईकडे देतात आणि आई जेवलास का विचारते, म्हणून लिहूनच पाठवतोय. दोघांनी एकत्र बसून वाचा, आणि शेवटपर्यंत वाचल्याशिवाय दादाला फोन लावू नका.

मी ऑफिसात राजीनामा दिलाय. नोटीस पिरियड महिनाअखेरीस संपतो आणि त्यानंतर मी फ्रीलान्स काम करणार. काम तेच, आरसीसी डिझाइन आणि डिटेलिंगचं, म्हणजे काँक्रीटच्या बिल्डिंगमध्ये कुठे किती सळई ते ड्रॉइंगवर काढायचं, पण माझ्या स्वतःच्या नावावर. भांडण झालेलं नाही, कुणी काढलेलं नाही. उलट सर म्हणाले की आमच्याकडे लोड वाढला की तुलाच ड्रॉइंगच्या शीट देत जाईन, आणि त्यातलं पहिलं काम आलंय पण, वाकडची एक सात मजली बिल्डिंग आहे, खाली पार्किंग.

आधी का नाही विचारलं, असं बाबांच्या मनात येणार हे मला माहितीये. विचारलं असतं तर बाबा तुम्ही नाही म्हणाला नसता, तुम्ही गप्प झाला असता, आणि आई तू रात्र रात्र जागून सकाळी "तुला योग्य वाटेल ते कर" म्हणाली असतीस. मला तुम्हाला तसं जागवायचं नव्हतं. मी वर्षभर यावर विचार केलाय, आकडे मांडलेत, आणि सगळं जुळल्यावरच सरांच्या केबिनमध्ये गेलो.

बाबा, आता आकडे. जन्म तुमचा कारखान्याच्या अकाउंटला गेला, तेव्हा हे तुम्हाला माझ्याहून जास्त कळेल. दोन कन्सल्टंटकडून डिटेलिंगचं काम बांधलेलं आहे, शीटप्रमाणे रेट, दर महिन्याला बिल. त्याशिवाय बंगल्यांची डिझाइन थेट घेणार, तिथे फी टप्प्याटप्प्याने येते, फुटिंगचं म्हणजे पायाचं ड्रॉइंग गेलं की एक हप्ता, मग प्लिंथ म्हणजे जोतं, मग प्रत्येक स्लॅब. कन्सल्टंट पैसे देताना 10 टक्के टीडीएस कापतील, तो रिटर्न भरताना जमेला धरायचा. आणि इंजिनियरला ती ठोकळ हिशोबाची सोय लागू होते, वर्षाची जमा 50 लाखांच्या आत असली तर निम्मी रक्कम उत्पन्न धरून टॅक्स भरता येतो, मोठी खतावणी ठेवावी लागत नाही. अ‍ॅडव्हान्स टॅक्सही एकदाच, 15 मार्चपर्यंत. ती तारीख लक्षात ठेवायचं काम मी तुमच्याकडे देतोय. जीएसटी 20 लाखांच्या वर गेल्यावर, तो दिवस येईल तेव्हा बघू. पीएफला हात लावणार नाही. नोकरीला पाच वर्षं होऊन गेलीत त्यामुळे ग्रॅच्युइटी मिळतेय, ती आणि माझी सेव्हिंग मिळून आठ महिन्यांच्या खर्चाची एफडी वेगळी काढणार आहे. एक गोष्ट मात्र पुढे जाणार, फ्लॅटचं लोन. बँक आता निदान दोन-तीन वर्षांचे रिटर्न मागेल, त्यामुळे तोवर फ्लॅटचा विषय नको, आणि काका पुन्हा तो रावेतचा प्रोजेक्ट घेऊन आले तर त्यांना चहा द्या आणि नाही म्हणा.

पहिल्या तारखेला पगार येणार नाही हे खरंय. पण बाबा, राग मानू नका, आपल्या घरात पहिल्या तारखेला पगार नेहमी येत होता का? ज्या वर्षी कारखान्याचे पगार थकले होते त्या वर्षी माझी बारावीची फी कशातून गेली हे आपल्या तिघांनाही ठाऊक आहे. आई, तुझी ती लांबट वही मला अजून दिसते, डाव्या पानावर मापं, उजव्या पानावर किती आले किती राहिले, आणि प्रत्येक ब्लाउजपीसला टाचणीने टोचलेली चिठ्ठी. दिवाळीच्या आधी दहा दिवस नवीन कापड घ्यायचं नाही म्हणजे नाही, आणि निम्मे पैसे हातात आल्याशिवाय कात्री लावायची नाही, बायका कितीही ओळखीच्या असल्या तरी. मी पण तेच करणार आहे, अ‍ॅडव्हान्स आल्याशिवाय ड्रॉइंग सुरू नाही. हे मला कॉलेजात कुणी शिकवलेलं नाही.

कामाबद्दल पण सांगतो, कारण तुम्हाला वाटेल घरी बसून कसलं इंजिनियर. गेल्या आठवड्यात स्लॅब भरायच्या आदल्या दिवशी मिस्त्रीला व्हिडिओ कॉल लावला, म्हटलं मोबाईल बीमच्या टोकाला ने. बीम जिथे कॉलमला मिळतो तिथे 8 एमएम सळईच्या रिंगा 100 एमएम अंतराने हव्या होत्या, त्यांनी मधल्या भागासारख्या टोकालाही 200 ला बांधल्या होत्या. भूकंपात जोर तिथेच येतो. रात्री उघडून परत बांधायला लावल्या आणि सकाळी फोटो बघितल्यावरच काँक्रीटला हो म्हटलं. ऑफिसात असताना बारा-बारा कामं एकदम टेबलावर असायची, ड्रॉइंग गेलं की पुढचं, साईटवर काय बांधलं ते बघायला वेळच नसायचा आणि ते मला मनाला लागायचं. आता मी कमी कामं घेणार आणि नीट करणार. रात्री साडेनऊला ऑफिसातून निघून दीड तास ट्रॅफिकमध्ये बसणं आता नाही, तो वेळ झोपेला आणि चालायला. पुण्याची खोली सोडत नाहीये, मावशींचा डबा चालूच राहणार, खुर्ची चांगली पाठ टेकणारी घेतलीये, पाठ दुखणार नाही.

आणि महिन्यातला एक आठवडा मी सांगलीला असणार. कोयना एक्स्प्रेसने येईन, लॅपटॉप घेऊन. हे तुमच्यासाठी नोकरी सोडली असं मनात आणू नका, एवढं माझं ऐका. काम माझ्या मनासारखं करायचं होतं म्हणून सोडली. पण सोडल्यामुळे येता येणार आहे, याचा मला फार आनंद झालाय हेही लपवत नाही. जूनमध्ये बाबा मोरीत घसरले ते मला तिसऱ्या दिवशी कळलं, तेही मामाकडून. "तुझं काम चालू असेल म्हणून नाही सांगितलं." आणि 2019 च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाखाली पाणी 57 फुटांवर गेलं, तुम्ही मामाच्या गच्चीवर, हायवे बंद, मी इथे नवीन नोकरीत डेडलाइन सांभाळत दर तासाला फोन लावत बसलेला. ते दिवस मी विसरलेलो नाही. लहानपणी मला ताप आला की आई तू मशीन ओढून माझ्या खाटेजवळ आणायचीस, एक पाय पायडलवर आणि एक हात माझ्या कपाळावर, आणि त्या खडखडाटात मला इतकी शांत झोप लागायची. आता मी तुमच्या खोलीत टेबल टाकून बसेन, मधून मधून औषधं घेतलीत का विचारेन, तुम्ही वैतागलात तरी.

माडीवरची खोली झाडून ठेवू नका, मी आलो की करतो. बाबा, प्लायवाल्याला बोलावून टेबल करून घेऊ नका, मला माहितीये तुमच्या डोक्यात तेच चाललं असणार. इन्व्हर्टरची बॅटरी तेवढी बघून घ्या, नेट मी लावून घेतो.

लग्नाचं. आई, परवा फोनवर तू मिरजेच्या स्थळाबद्दल बोललीस ना, त्यांना आधीच स्पष्ट सांग, मुलगा स्वतःचं काम करतो, नोकरी नाही. आजकाल पर्मनंट नोकरी नसली की लोक पुढची चौकशीच करत नाहीत हे मला माहितीये आणि याचा त्रास तुम्हाला होणार, मला कमी. नातेवाईकांत चार प्रश्न येतील, "घरीच असतो का आता?" वगैरे. तरी लपवायचं नाही. जिला हे चालेल तिच्याशीच माझं पटेल.

आता महत्त्वाचं, मेडिक्लेम. ऑफिसच्या पॉलिसीत तुम्ही दोघं होता ती माझ्या शेवटच्या दिवशी संपते. घाबरू नका, त्याच कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जायचा अर्ज मी केलाय, म्हणजे आधीच्या आजारांसाठी जेवढी वर्षं थांबायचं असतं त्यात आपली झालेली वर्षं धरली जातील. प्रीमियम जास्त आहे पण तो माझ्या हिशोबात आधीच धरलाय, आणि सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक हेल्थ पॉलिसीवरचा 18 टक्के जीएसटी पण गेलाय. बाबांना सत्तर पूर्ण झाली की आयुष्मानचं वय वंदना कार्ड काढू, ते 5 लाखांचं वरून. मधे एकही दिवस तुम्ही विम्याशिवाय राहणार नाही, त्यासाठीच मी राजीनाम्याची तारीख तशी धरली.

तर आता मी सांगतो ते करा. बाबा, फॉर्मवर शुगर आणि बीपी दोन्ही लिहायचं, कधीपासून आहे तेही, "कशाला उगाच" म्हणायचं नाही, लपवलं तर क्लेम नाकारतात. तीन महिन्यांची शुगर या आठवड्यात तपासा, मागची कधी केली होती ते मला कळलंय. मोरीत पकडायला दांडी बसवायची, प्लंबरशी मी बोललोय, शनिवारी येईल, त्याला परत पाठवू नका. अंधार पडल्यावर स्कूटर बाहेर काढायची नाही. आई, मोतीबिंदू दिवाळीनंतर म्हणजे दिवाळीनंतरच, "संक्रांत होऊ दे" चालणार नाही, ऑपरेशनच्या आठवड्यात मी तिथे असणार आणि स्वयंपाक मी करणार, पोळ्या बाहेरून आणू.

रागावून लिहिलंय असं वाटलं तर तसं नाहीये. तुम्ही दोघं व्यवस्थित असलात की मला इथे कामात लक्ष लागतं.

दोघांच्या आधारचे आणि बाबांच्या मागच्या अ‍ॅडमिटच्या डिस्चार्ज कार्डचे फोटो उद्या व्हॉट्सअ‍ॅपवर टाका, उजेडात काढा, मागच्या वेळी अर्धं कार्ड सावलीत होतं. ते कार्ड कपाटात वरच्या कप्प्यात आईच्या साड्यांखालच्या निळ्या फाइलीत आहे. रविवारी सकाळी दहाला फोन करतो, बाबा, त्या दिवशी फोन लगेच आईकडे देऊ नका, मला तुमच्याशी बोलायचंय.

तुमचा,
बाळू