कोकणी आजी, तुमची लाल पेन्सिल अजून माझ्याच खिशात आहे

आजी, सादर नमस्कार.

घरी येऊन आभार मानले असते, पण तुम्ही ‘पुरे झाला’ म्हणून चहाचा कप पुढं सरकवणार आणि विषय बदलणार. म्हणून इथं चारचौघांत लिहितोय. इथं तुम्हाला मधेच तोडता येणार नाही.

बाकीच्यांसाठी दोन ओळी सांगतो. आजी आमच्या लातूरच्या गल्लीत राहतात, पण मूळच्या मालवणच्या. तरुणपणी नर्सच्या नोकरीवर इकडं आल्या आणि इथंच रमल्या. अर्ध्या गल्लीला पहिलं इंजेक्शन त्यांनीच टोचलंय. मोठी माणसं त्यांना सिस्टर म्हणतात आणि लेकरं कोकणी आजी.

माझं बी-बियाणं आणि खताचं दुकान. मेचा दुसरा पंधरवडा लागला की मृग निघेपर्यंत मान वर करायला सवड नसते. त्यात पोरीची दहावी संपलेली, तिचे अकरावीचे क्लास मेच्या मध्यावर सुरू होणार. लातुरात क्लास म्हटल्यावर पुढची दोन वर्षं लेकरू आपलं राहत नाही, हे लातूरकरांना सांगायला नको. म्हणजे हातात आठवडाभर. तेरा वर्षांचा पोरगा, आमच्याकडं शिकायला राहिलेला सतरा वर्षांचा भाचा, माळकरी आई आणि आम्ही दोघं. समुद्र कुणीच जवळून पाहिलेला नव्हता.

मी वहीत बेत लिहिला. पहिल्या दिवशी तुळजापूर, पंढरपूर करून कोल्हापूर. दुसऱ्या दिवशी अंबाबाई, ज्योतिबा, पन्हाळा. तिसऱ्या दिवशी गणपतीपुळे आणि रत्नागिरी. चौथ्या दिवशी मालवण, पाचव्या दिवशी गोवा आणि सहाव्या दिवशी थेट लातूर. दहा ठिकाणं! मालाची गाडी भरावी तसा बेत भरला होता. तुम्हाला कौतुकानं दाखवायला आणला.

तुम्ही चष्मा लावला आणि एवढंच विचारलंत, “ह्यात बसायचं कधी?”

मग शेजारच्या नातवंडाच्या कंपासमधली लाल पेन्सिल मागून घेतलीत. गोवा गेला. पन्हाळा गेला. पंढरपूरवर पेन्सिल थांबली, कारण आई समोर बसली होती. तुम्ही तिला म्हणालात, “विठोबा तुम्हाला दरवर्षी भेटतो, दर्याचं तसं नाही.” आईनं मान डोलावली आणि पंढरपूरही गेलं. शेवटी उरलं कोल्हापूर, तेही जाताना एक मुक्काम म्हणून, आणि मालवणजवळचं वायरी. एकाच घरी चार रात्री. लातूरहून मालवण पाचशे किलोमीटरच्या घरात. एका दमात गेलात तर पोरं पोचायच्या आधीच चिडलेली असतील, हे तुमचं म्हणणं. फोंडा घाटात भाच्याला पुढच्या सीटवर बसवलं, पोटात कोरडी भाकरी होती, आणि तरीही तो एकदा उतरलाच. मागं बसला असता तर काय झालं असतं, ते नको.

पण खरं काम तुम्ही त्यानंतर केलंत. तिन्ही लेकरांना एकेकटं बोलावून घेतलंत आणि प्रत्येकाला दोनच गोष्टी विचारल्यात: काय एक हवं आणि काय एक नको. हे मला सोळा वर्षांत सुचलं नव्हतं. पोरीला काहीच ‘हवं’ नव्हतं. सकाळी कुणी उठवायचं नाही आणि न विचारता तिचे फोटो स्टेटसला टाकायचे नाहीत, हे दोन ‘नको’ मात्र होते. पोराला स्कूबा हवं होतं. भाच्याला ताजी सुरमई हवी होती, आणि आमच्या घरात मासा म्हणजे देवघरासमोर चप्पल घालून जाण्यासारखं. तुम्ही तिथं बसल्या बसल्या गावाकडं फोन लावलात आणि असं घर शोधलंत जिथं दोन चुली वेगळ्या आहेत. आईला आंबोळी आणि काळ्या वाटाण्याचं सांबारं, भाच्याला सुरमई. जेवायच्या वेळी दोघं ओटीच्या दोन टोकांना. भांडण नाही, तंटा नाही.

फोनबद्दल माझा विचार कडक होता. फोन बॅगेत बंद ठेवायचे. तुम्ही हसलात. “काढून घेशील तर चार दिवस तोंडं फुगलेली बघशील. पाण्यात शिरताना फोन आपोआप हातातून सुटतो.” झालंही तसंच. शिवाय त्या घरात रेंज विहिरीच्या कठड्यापाशीच यायची. हे तुम्हाला आधीपासून माहीत होतं का, असा माझा संशय आहे. रोख पैसे जास्त न्या, असंही तुम्हीच बजावलं होतंत.

आता भरतीचं. हे सगळ्यांनी वाचावं.

मी सुट्टीची तारीख दुकानाच्या हिशेबानं काढली होती. तुम्ही भिंतीवरचं कॅलेंडर उतरवलंत आणि तारखेवर नाही, तिथीवर बोट ठेवलंत. तिथीला पाऊणनं गुणायचं, भरतीची वेळ निघते. अष्टमी म्हणजे आठाची पाऊणकी सहा. सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाच्या पुढं भरती, दुपारी बाराच्या सुमारास ओहोटी. दशमीला साडेसात. अर्धा-पाऊण तास इकडंतिकडं होतो, पण कोळी पिढ्यान्पिढ्या असंच मोजत आलेत. शाळेत पाऊणकी घोकली ती पायलीचा हिशेब करायला. दर्याही तिच्यातच बसतो, हे चाळिशी ओलांडल्यावर कळलं.

तुम्ही वैशाख शुद्ध सप्तमी ते दशमी निवडलीत. पुनव-अवसेला उधाण असतं, पाणी लांबवर जातं आणि तेवढ्याच जोरानं येतं. अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे पाण्याची चढउतार कमी. शिवाय आमची लेकरं दहाच्या आत डोळे उघडत नाहीत आणि अकरा ते चार तुम्ही वाळूवर जायला मनाई केलेली. उरली संध्याकाळ, आणि त्या तिथींना संध्याकाळी पाणी किनाऱ्याकडं येत असतं, आत ओढत नसतं. लेकरांच्या झोपेपासून चंद्रापर्यंत सगळं एका पानावर जुळवलंत. सूर्य बुडताना अर्धा चंद्र बरोबर डोक्यावर यायचा. तो तुमच्या हिशेबात होता की वरकड मिळाला?

भाच्याची गोष्ट तुम्हाला फोनवर अर्धीच सांगितली होती. तो औसा तालुक्यातल्या खेड्यातला. पाठीला भोपळा बांधून सहाव्या वर्षी विहिरीत पडलेला, त्याला पाण्याची भीती कसली? तुम्ही त्याला निघताना म्हणाला होतात, “झिला, विहिरीतला पाणी तुझी वाट बघत उभा रवता. दर्या रवना नाय.” तो हसला होता. पाण्यात जाताना काठावर चप्पल खूण म्हणून ठेव आणि थोड्या थोड्या वेळानं मागं बघ, हेही सांगितलं होतंत. त्यानं ठेवली, आमचं समाधान व्हावं म्हणून. कमरेएवढ्या पाण्यात दहा मिनिटं उड्या मारल्या. पोहला नाही, हातपायही मारले नाहीत, फक्त उड्या. मग मी हाक मारली, “चप्पल कुठाय रे?” त्यानं समोर पाहिलं. चप्पल समोर नव्हती. चाळीसेक पावलं उजवीकडं होती. म्हणजे चप्पल जागच्या जागीच होती, हा सरकला होता, आणि त्याला पत्ताही नव्हता. लाटा तिरक्या येतात, त्या माणसाला किनाऱ्याच्या कडेकडेनं वाहून नेतात. तो बाहेर आला, वाळूवरून चालत चपलेपर्यंत गेला, ती उचलली आणि काही बोलला नाही. त्यानंतर दर थोड्या वेळानं मागं बघायचा. आम्ही सांगितलं असतं तर पंधरा कारणं दिली असती.

लाटा फुटत असताना मधेच एखादा पट्टा शांत दिसला तर तिथं जायचं नाही, किनाऱ्यावरून परत फिरणारं पाणी तिथूनच खोल समुद्राकडं जातं, हे तुमचं दुसरं बजावणं. आणि कुणी ओढलं गेलंच तर किनाऱ्याकडं तोंड करून झुंजायचं नाही, आडवं पोहत पट्ट्याबाहेर पडायचं. आमच्या विहीरबहाद्दरांच्या डोक्यात हे कधी आलं नसतं. तिथं काठ चारी बाजूंनी असतो.

पोराच्या स्कूबाचं मात्र तुम्ही फोनवरून मोडलंत. “नाकातून आवाज येतोय ह्याचा. सर्दी आहे. पाण्याखाली नाही.” खाली जाताना नाक दाबून कानात हवा सोडावी लागते, नाक चोंदलं असेल तर ती पोचत नाही आणि कानाच्या पडद्यावर दाब येतो. तुम्ही नर्सच्या आवाजात समजावलंत, तरी तो दुपारभर भिंतीकडं तोंड करून पडला. पैसे भरलेले. परत मिळणार नव्हते. तेव्हा जिला काहीच हवं नव्हतं ती पोरगी उठली आणि म्हणाली, “मी जाते.”

सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ बोट थांबली. पोरगी पाण्याखाली गेली आणि मी बोटीच्या कठड्याला धरून बसलो. वर आल्यावर विचारलं, कसं होतं? “चांगलं.” बस्स. रात्री मात्र ओटीवरच्या झोपाळ्यावर तासभर बोलत होती, माझ्याशी नाही, तिच्या आजीशी, म्हणजे माझ्या आईशी. पिवळ्या पट्ट्यांचे मासे तिच्या बोटाला येऊन टोचत होते म्हणे. मी अंधारात खुर्चीवर झोपल्याचं सोंग घेऊन ऐकलं.

आणि सर्दीवाल्याला काय मिळालं? दुसऱ्या दिवशी साडेसहाला तो आपणहून उठला. किनाऱ्यावर रापण ओढत होते. मोठं जाळं पाण्यात अर्धवर्तुळात सोडलेलं, दोन्ही टोकांचे दोर धरून माणसं एका लयीत मागं सरतात. कुणीतरी त्याला “ये रे” म्हणालं, त्यानं दोर धरला. दीड तास. तळहात लाल झाले. जाळं वर आल्यावर हात लावणाऱ्याला वाटा मिळतो, तशी त्यालाही मूठभर तारली आणि दोन बांगडे मिळाले. शर्टाच्या ओच्यात घेऊन धावत आला. आईनं लांबूनच हात जोडले, “दर्शन झालं रे बाबा, आता तिकडं ने.” ती दुपार भाच्याची.

सिंधुदुर्ग किल्ला पाहिला. 1664 साली पाया घातला, महाराजांच्या हातापायाचे ठसे, तटावरून फेरी, हे सगळं वाटाड्यानं नीट सांगितलं. आमची मंडळी अडकली विहिरींपाशी. दूधबाव, दहीबाव, साखरबाव. चारी बाजूंनी खारं पाणी आणि आत गोड्या पाण्याच्या तीन विहिरी! लातूरकर तिथून हलणार कसे? भाच्यानं वाकून वाकून खोली जोखली. पोरीनं तर तिथला फोटो स्वतःच स्टेटसला टाकला.

ह्याच पोरीनं येताना मिरजेजवळ कानातले इअरफोन काढून विचारलं होतं, “पप्पा, आपली पाण्याची रेल्वे इथूनच येत होती ना?” 2016 च्या दुष्काळात, एप्रिलमध्ये, मिरजेहून पाच लाख लिटरची पहिली गाडी लातूरला आली तेव्हा ती पहिलीत होती. तिला आठवत असेल असं वाटलं नव्हतं.

आता एक तक्रार. कोकणात पाणीच पाणी, असं आमच्या डोक्यात. पहिल्या संध्याकाळी घरमालकीणबाई संकोचून म्हणाल्या, “मे महिनो हा, आंघोळीक पाणी जरा जपून.” तीन हजार मिलीमीटरच्या वर पाऊस पडणाऱ्या मुलखात! पण जांभ्या दगडात पाणी ठरत नाही, निघून समुद्राला मिळतं, हे त्यांनी समजावलं. आमच्याकडं जेमतेम सात-आठशे मिलीमीटर. आम्ही सहा जणांनी तीन बादल्यांत खारं अंग धुऊन उरलेलं पाणी माडाच्या आळ्यात ओतलं. बाई बघतच राहिल्या. म्हणाल्या, असे पाहुणे आजवर आले नव्हते. आजी, हे तुम्ही सांगितलं नव्हतंत. की मुद्दाम सांगितलं नाही? एवढ्या एका बाबतीत तरी आम्ही तयारच आलो होतो.

चार दिवसांत पाहण्यासारखं कितीतरी राहिलं. देवबागचा संगम राहिला, वेंगुर्ला राहिलं, निवतीचा किनारा राहिला. दुपारी सगळे माडाखाली लोळायचे, पत्ते खेळायचे, भाचा आणि पोरगा भांडायचे आणि मिटवायचे. मी दुकानाला रोज एकच फोन केला. बायको म्हणते दोन. परतताना तुळजापूरला थांबलो, ते आईच्या हट्टानं आणि तुमची पेन्सिल सोबत नसल्यानं.

ती पेन्सिल त्या दिवशी चुकून माझ्या खिशात आली, ती लातूर-मालवण-लातूर फिरून आली. ज्याच्या कंपासमधली आहे त्याला नवी घेऊन दिलीय. ही रविवारी तुम्हाला द्यायला येतो, सगळेच येतो. आईनं निरोप दिलाय: तिकडं खाल्लेले रस-शिरवाळे, म्हणजे नारळाच्या गोड रसातल्या तांदळाच्या शेवया, तिला घरी करायचेत. दोनदा शेवयांच्या साच्यातून काढून बघितले, पीठ फुटतं. तुमच्याकडचा लाकडी साचा माळ्यावर असेल तर काढून ठेवा. नारळ आम्ही आणतो.

तुमच्या गल्लीतला,
बियाणंवाला