चित्राखाली ‘कल्पनाचित्र’ असं छापा

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

दूरच्या ताऱ्याभोवती गुरूएवढा ग्रह सापडल्याची बातमी आपण छापलीत, बरं वाटलं. पण मथळा होता ‘दुसरी पृथ्वी सापडली?’ आणि शेजारी पट्ट्यापट्ट्यांचा नारिंगी गोळा. ज्याला पाय टेकायला जमीनच नाही, तो दुसरी पृथ्वी कसा? तो गोळा चित्रकाराने काढलेला, हेही कुठे लिहिलेलं नाही. आमच्या कट्ट्यावर तो फोटो म्हणूनच हातोहात फिरला.

मी क्रँकशाफ्ट बॅलन्सिंगच्या मशीनवर नोकरी काढली. शाफ्टला एका अंगाला वजन जास्त असलं की फिरताना तो थरथरतो. वजन कुठे नि किती, ते थरथरीवरूनच कळतं. 1995 मध्ये मिशेल मायोर आणि दिदिए केलोझ या खगोलशास्त्रज्ञांनी फ्रान्समधल्या ओत-प्रोव्हान्स वेधशाळेतून 51 पेगासी हा तारा असाच पकडला. तो सेकंदाला पंचावन्नेक मीटर वेगाने मागे-पुढे डुलत होता आणि दर 4.2 दिवसांनी तेच आवर्तन. म्हणजे गुरूच्या निम्म्या वजनाचा ग्रह त्याला जवळजवळ चिकटून फिरतोय! ग्रह त्यांना दिसलाच नव्हता. आपला गुरू सूर्याला सेकंदाला जेमतेम 12-13 मीटर वेगाने हलवतो, आणि एका फेरीला बारा वर्षं घेतो.

खरी मेख पुढे आहे. ताऱ्याच्या इतक्या जवळ बर्फ टिकत नाही, मग एवढा ग्रह घडायला माल आला कुठून? सर्वसाधारण मत असं, की दूर थंडीत धूळ आणि बर्फ साचून पृथ्वीच्या दहाएक पट वजनाचा गाभा होतो आणि मग तो भोवतालचा हायड्रोजन-हेलियम ओढून घेतो. तेही घाईनेच, कारण काही दशलक्ष वर्षांत तो वायू उडून जातो. 51 पेगासीचा ग्रह दूर जन्मून मग आत सरकला असणार. कसा सरकला, यावर अजून वाद आहे. काही महाकाय ग्रह मात्र नव्या ताऱ्याभोवतीच्या वायूच्या तबकडीचा तुकडा थेट आकसूनच होत असावेत, असंही एक मत आहे.

खरे फोटोही आहेत की! एचआर 8799 या ताऱ्याचे तीन ग्रह 2008 मध्ये आणि चौथा 2010 मध्ये जाहीर झाला, तो थेट फोटोंतूनच. 2025 मध्ये जेम्स वेब दुर्बिणीला त्यांच्या वातावरणात कार्बन डायऑक्साइड सापडला. म्हणजे त्यांत जड घटक भरपूर, म्हणून कौल ‘आधी गाभा, मग वायू’ या बाजूला झुकला. फोटोत नुसते ठिपके दिसतात, मान्य. पण ते खरे ठिपके आहेत.

आणि हे दोन्ही तारे पूर्वाभाद्रपदाच्या दोन ठळक ताऱ्यांच्या साधारण मधोमध, एकमेकांशेजारी आहेत. दिवाळीत रात्री आठ-नऊला डोक्यावर येतात, द्विनेत्रीतून दिसतात (तारे, ग्रह नव्हे). एवढं छापलं असतं तर चार वाचक गच्चीवर तरी गेले असते.

विनंती इतकीच: ग्रह ताऱ्याच्या डुलण्यावरून सापडला, ताऱ्यासमोरून जाताना उजेड घटला म्हणून सापडला की फोटोत दिसला, ते एका ओळीत द्यावं. चित्र असेल तर त्याखाली ‘कल्पनाचित्र’ असं छापावं, बारीक टाइपात का होईना.

आपला,
एक निवृत्त कामगार, चिंचवड