गोळीमागच्या गाभण घोड्या

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

रजोनिवृत्तीच्या त्रासावर मला इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक (हार्मोन) सुचवले गेले, तेव्हा मी ते कशापासून बनते हे शोधले. १९४२ पासून अमेरिकेत विकले जाणारे 'प्रेमारिन' हे इस्ट्रोजेनचे औषध गाभण घोड्यांच्या मूत्रापासून करतात. कॅनडात मॅनिटोबासारख्या प्रांतांत या घोड्या जवळजवळ सहा महिने अरुंद ठाणावर बांधलेल्या असतात, मागे मूत्र गोळा करणारी पिशवी. दरवर्षी नवे शिंगरू; त्यातली कितीतरी कत्तलखान्यात गेली आहेत. २००२ मध्ये एका मोठ्या अमेरिकी चाचणीत संप्रेरकांचे धोके दिसले, औषधाची मागणी कोसळली आणि हजारो घोड्या नकोशा झाल्या.

तिथले स्वयंसेवक अशा घोड्या-शिंगरांना घरे शोधून देतात. हे काम चिकाटीचे आहे. यातल्या अनेकांना माणसाच्या हाताची सवय नसते. खूर तासायला पाय उचलू देण्यापासून सगळे शिकवावे लागते आणि तोवर चारा लागतोच. म्हणून एकदाच मोठी देणगी देण्यापेक्षा दरमहा एका घोडीचा खर्च उचलणे मला अधिक उपयोगी वाटते.

सोयाबीनसारख्या वनस्पतींपासून बनवलेले इस्ट्रॅडिऑल, म्हणजे इस्ट्रोजेनचाच एक प्रकार, हेही मिळते. डॉक्टरांशी बोलून मी तेच घेते. औषध लिहून देताना ते कशापासून बनले आहे, हे डॉक्टरांनी प्रत्येकीला आपणहून सांगावे, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक