तू चाललीस ते मी गावात सांगितलं

मोर्शी तालुका,
23 जानेवारी

चि. बाईस अनेक आशीर्वाद.

बडनेऱ्याला मी उतरलो तेव्हा अजून अंधारच होता. तू लंगडत डब्याच्या दारापर्यंत आलीस आणि हळूच म्हणालीस, "बाबा, गावात नका सांगू, मॅरेथॉनमध्ये मी पळायचं सोडून चालली म्हणून." मी मान हलवली आणि गाडी तुला घेऊन नागपूरकडे निघून गेली. मोर्शीच्या एसटीत बसलो तरी ते वाक्य काही मनातून जाईना.

बाई, मी सांगितलं. तुझ्या आईला त्याच दिवशी आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पारावर. मान हलवून शब्द मोडला, म्हणून तुला रागवायचा हक्क आहे. पण मी काय सांगितलं ते आधी वाच.

मुंबई मॅरेथॉनच्या दिवशी पेडर रोडच्या चढावर मी सकाळी सातपासून उभा होतो. पिशवीत आपल्या बागेतली संत्री होती. तुम्ही पाचला सीएसएमटीहून निघालात, सी लिंकवरून जाऊन परत याच चढावर येणार, एवढं तूच मला कागदावर काढून दिलं होतंस. ऊन वर आलं. माणसं येत होती, कोणी पळत, कोणी पाय ओढत. मग तू दिसलीस. हात कमरेवर, मान खाली, कानापासून हनुवटीपर्यंत मिठाची पांढरी रेघ. मी संत्रं सोलून पुढं केलं. तू दोन फोडी घेतल्यास, माझ्याकडे पाहिलंससुद्धा नाही. मग विजेच्या खांबाकडे बघत चालू लागलीस. मी मोजत होतो. सहा खांब तू चाललीस. सातव्याला हात कमरेवरून काढलेस आणि पळायला लागलीस. वळणापर्यंत दिसत होतीस, तोवर थांबली नाहीस.

पारावर मी हे सहा खांब सांगितले आणि सातवाही सांगितला. कोणी हसलं नाही. आई तर म्हणाली, "चालली तं चालली, पोचली ना पोरगी?" आणि डोळ्याला पदर लावला.

तुला त्या चढाची लाज वाटते, पण तिथं काय झालं ते तूच मला महिनाभर आधी समजावलं होतंस. तीस-बत्तीस किलोमीटरपर्यंत अंगातली साठवलेली साखर सरत येते, मग पाय ऐकत नाहीत. त्यात मुंबईची दमट हवा. आपल्या पहाटेच्या कोरड्या थंडीत घाम आला की वाळतो आणि अंग गार होतं. तिथं तो वाळतच नाही, अंग तापत राहतं. आणि आपला सराव सगळा सपाट रस्त्यावर. ते 42.195 किलोमीटर तू 5 तास 6 मिनिटांत पार केलेस. जुलैत 3 किलोमीटरला धाप लागणारी तूच होतीस ना? मी सायकलवर बॅटरी धरून मागं असायचो, मला माहीत आहे. रस्त्यावर कुत्री आली की तू थांबायचीस, मी पुढं व्हायचो.

आता खरी गोष्ट. हे मी रेल्वेत रात्रभर बोलायचं ठरवलं होतं आणि बोललो नाही.

कोजागिरीच्या सुमारास तुझी नडगी दुखत होती. तू दोनदा सांगितलंस. सोयाबीन काढणी चालू होती, मी वैतागलेला होतो आणि म्हणालो, "थांबलीस तर पाय जड होतील, पळ." तू पळालीस, त्या दिवशी 18 किलोमीटर. दुसऱ्या दिवशी तुला जिना उतरता येईना. डॉक्टरांनी हाडाला सूज आहे म्हणून सांगितलं आणि तीन आठवडे पळणं बंद केलं. ते तीन आठवडे तुझे नव्हते, माझ्यामुळे गेले. पेडर रोडवर तू खांब मोजत होतीस तेव्हा मला तेच आठवत होतं. त्या सहा खांबांत माझाही वाटा आहे, बाई. मला माफ कर.

मी संत्र्याचा शेतकरी. अंबिया बहाराला, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीच्या फुलोऱ्यासाठी, पाणी बंद ठेवून ताण दिलेल्या झाडाला पहिलं पाणी हलकंच द्यावं लागतं, एकदम भरपूर दिलं तर झाड बिघडतं. झाडाचं मला इतकं कळतं आणि पोरीच्या पायाचं कळलं नाही, याचं वाईट वाटतं. शेवटच्या तीन आठवड्यांत तू पळणं कमी केलंस तेव्हाही मी कुरकुर केली होती. ती विश्रांती ठरवून असते, हे तू सांगितलंस तेव्हा कुठं कळलं.

गावात अजून दोघं-तिघं म्हणतात, पोरीच्या जातीला कशाला हे. त्यांना आई परस्पर उत्तर देते. माण तालुक्यातल्या दुष्काळी गावची ललिता बाबर 2016 साली रिओ ऑलिम्पिकमध्ये स्टीपलचेसच्या, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीच्या, अंतिम फेरीत धावली, हे तिला आता तोंडपाठ आहे. मुंबई मॅरेथॉनमध्येही ललिता भारतीय महिलांत पहिली आली होती, हेही सांगते.

तुझे जुने बूट इथंच राहिले. आईनं धुऊन ओट्यावर वाळत घातलेत. उजव्या बुटाचा तळवा बाहेरच्या कडेनं पार झिजलाय, डाव्याचा तेवढा नाही. दुखरा पाय कोणता होता, उजवाच ना? नवीन घेशील तेव्हा हा बूट दुकानात दाखव, मी पार्सलनं पाठवतो.

नोकरीवर पहिल्या आठवड्यात उभं राहायचं काम किती आहे ते कळव. रात्री झोपताना नडगीवर बोटानं दाबून बघ. दुखलं तर दुखतं असंच लिही, मला बरं वाटावं म्हणून काही लिहू नको.

तुझे,
बाबा